ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल कधी बंद करावे आणि कधी मुळीच करू नये

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, हेडलाइटचा झोत वर-खाली करण्याच्या चक्राच्या आसपास, किंवा मधल्या पॅनेलवर गिअरच्या पुढे एक बटण असते. त्यावर मागून दिसणारी गाडी, तिच्या चाकांखाली दोन नागमोडी रेघा आणि खाली ‘ऑफ’ एवढीच अक्षरे असतात. रोज डांबरी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला हे बटण दाबण्याचे कारण सहसा पडत नाही. अडचण येते ती जुलैत काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर, वाळूत किंवा मनालीच्या पुढे ताज्या बर्फात. तिथे ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन मरगळल्यासारखे वागते, गाडी जागची हलत नाही, आणि बटण दाबावे की नाही हे ठरवायला तेव्हा फारसा वेळ नसतो. म्हणून हा विचार घरी शांतपणे करून ठेवलेला बरा.

एका बटणामागच्या दोन यंत्रणा

ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल यांचा उल्लेख नेहमी जोडीने होतो, पण त्यांची कामे वेगळी आहेत. इंजिनाची ताकद मिळणारे चाक पकड सुटून जागच्या जागी फिरू लागले, तर ट्रॅक्शन कंट्रोल दोन उपाय करते: इंजिनाची ताकद कमी करते आणि त्या फिरणाऱ्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावते. दुसऱ्या उपायाने ताकद डिफरन्शिअलमधून, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जुळणीतून, पलीकडच्या, पकड असलेल्या चाकाकडे वळते. पुढच्या विवेचनात हा फरक वारंवार लागणार आहे, कारण रुतलेल्या गाडीला पहिला उपाय नडतो आणि दुसरा बहुतेक वेळा मदत करतो.

स्टॅबिलिटी कंट्रोलचे काम गाडीची दिशा राखण्याचे आहे. कंपनीनुसार त्याला ईएससी, ईएसपी किंवा व्हीएससी म्हणतात. स्टिअरिंग किती वळले आहे, प्रत्येक चाक किती वेगाने फिरते आहे, गाडी स्वतःभोवती किती वळते आहे आणि बाजूला किती ढकलली जाते आहे, हे वेगवेगळे सेन्सर सतत कळवत असतात. चालकाला जायचे आहे ती दिशा आणि गाडी प्रत्यक्ष जाते आहे ती दिशा यांचा मेळ ही यंत्रणा सेकंदाला पंचवीसेक वेळा तपासते. वळणावर पुढची चाके घसरून गाडी बाहेर सरळ जाऊ लागली तर ती साधारणपणे आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. चार चाकांपैकी एकालाच हवा तेवढा ब्रेक लावणे कितीही कसलेल्या चालकाच्या पायाला शक्य नाही, कारण त्याच्या पायाशी ब्रेकचे पेडल एकच असते.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ही यंत्रणा १९९५ मध्ये महागड्या एस-क्लास कूपेत प्रथम आणली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या अडथळ्याला वळसा घालताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीला त्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट द्यावी लागली आणि लहान गाड्यांसाठी तिचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती बंधनकारक आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ती असावीच लागते. त्यामुळे आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही ती सर्रास दिसू लागली आहे.

निर्णयाची कसोटी

बंद करायचे की नाही, हे ठरवण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला असा: चाक जागच्या जागी फिरण्याने इथे काही फायदा होणार आहे का? मऊ, भुसभुशीत, खोल पदार्थात फायदा होतो, कारण फिरणारे चाक ट्रेडमध्ये, म्हणजे टायरवरच्या नक्षीत, भरलेला चिखल झटकून टाकते, वरचा थर बाजूला सारते आणि खालच्या टणक जमिनीपर्यंत पोहोचते. कडक पण निसरड्या पृष्ठभागावर, म्हणजे पारदर्शक बर्फ, शेवाळलेला जांभा, ओले गवत, पावसाने न्हालेले डांबर किंवा फरशी, तिथे चाक कितीही फिरले तरी खाली खणण्यासारखे काही नसते. उलट फिरण्याने उरलीसुरली पकडही जाते. अशा ठिकाणी यंत्रणा चालूच ठेवावी.

दुसरा प्रश्न वेगाचा. गाडी माणसाच्या चालीने जात असेल किंवा थांबलेलीच असेल, तरच बटणाला हात लावावा. वेग वाढला की स्टॅबिलिटी कंट्रोल वाचवू शकेल त्या नुकसानीचे मोल रुतण्याच्या त्रासापेक्षा कितीतरी जास्त असते. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल तरच बटण दाबावे, एकाचे असून भागत नाही.

पहिली पायरी: आपली गाडी नेमके काय बंद करते, हे आधी पाहून ठेवणे

बटण सगळीकडे सारखेच दिसत असले तरी ते दाबल्यावर घडणाऱ्या गोष्टी गाडीगणिक बदलतात. अनेक गाड्यांत एकदा हलके दाबले की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते, आणि गाडी उभी असताना तीन सेकंद किंवा अधिक दाबून धरले तर स्टॅबिलिटी कंट्रोलही बंद होते. काही गाड्यांत बटणच नसते आणि तो पर्याय स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये दोन-तीन पाने आत दडवलेला असतो. काहींमध्ये इंजिनाची ताकद कमी करणे थांबते, पण फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणे चालू राहते. रुतलेल्या गाडीसाठी हीच सर्वांत सोयीची रचना. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या, गाड्यांत लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) निवडताच स्टॅबिलिटी कंट्रोल आपोआप बाजूला होण्याची व्यवस्था बहुधा असते. महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या फोर-बाय-फोरसारख्या गाड्यांत चिखल, वाळू, बर्फ असे वेगळे मोड असतात. ते असतील तर आधी तेच वापरावेत, कारण चाकाला किती फिरू द्यायचे याचा हिशेब बनवणाऱ्यांनी त्यात आधीच करून ठेवलेला असतो.

हे सगळे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडून असते, ती एकदा उघडावी. मग मोकळ्या मैदानात गाडी उभी करून बटण हलके दाबून, नंतर दाबून धरून पाहावे आणि समोर कोणते पिवळे दिवे लागतात ते लक्षात ठेवावे. गाडीचे चित्र लुकलुकत असेल तर यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे. चित्रासोबत ‘ऑफ’ अक्षरे स्थिर दिसत असतील तर आपण ती बंद केली आहे. ‘ऑफ’ अक्षरांशिवाय नुसते चित्र स्थिर पेटलेले असेल तर तो बिघाडाचा इशारा आहे, आणि तो आपल्या बटणाने जाणारा नाही.

या बटणाने एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद होत नाही, हेही इथेच सांगायला हवे. चिखलात किंवा सैल खडीवर ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवली आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागले, तर यंत्रणा बंदच झालेली नाही असा समज होतो. ती थरथर एबीएसची असते. उलट, काही गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केल्यावर उतारावर वेग धरून ठेवणारी किंवा समोरच्या वाहनाला धडक टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणारी सोयही बंद पडते. आपल्या गाडीत तसे होते का, हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

चिखल

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर-नगरकडची काळी माती हा या विषयातला सर्वांत अवघड आणि आपल्या लोकांच्या वाट्याला सर्वाधिक येणारा भाग आहे. मुरमाच्या रस्त्यावर पाऊस पडून गेला तरी खाली कठीण थर असतो. काळ्या मातीत तो कधी कधी हाताभर खाली असतो, आणि वरची माती टायरला अशी चिकटते की दहा-वीस फुटांत ट्रेड पूर्ण बुजून टायर गुळगुळीत होतो. वाफसा येण्याआधी अशा शेतरस्त्यावर गाडी न घालणे हाच खरा शहाणपणा. तरीही अडकलो, तर पुढील क्रमाने जावे.

चाक फिरते आहे पण गाडी पुढे जात नाही असे जाणवताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. रुतलेल्या गाडीचे बहुतेक नुकसान पहिल्या अर्ध्या मिनिटातल्या घाईने होते: चाक फिरत राहते, खड्डा खोल होतो आणि शेवटी गाडीचे पोट जमिनीला टेकते. एकदा पोट टेकले की चाकांवरचा भार कमी होतो, आणि मग कोणतेही बटण उपयोगाचे राहत नाही. फावडे, जॅक नाहीतर ट्रॅक्टरचे टोचन, एवढेच मार्ग उरतात. म्हणून आधी खाली उतरून वाकून पाहावे. पोट मोकळे असेल तर चाकांपुढचा आणि मागचा चिखल हाताने किंवा फावड्याने सरकवून थोडा उतार करावा आणि त्यात तुराट्या, पाचट, चपटे दगड, पायपुसण्या, जे सापडेल ते चाकाच्या दिशेने सारून ठेवावे. लोक चाकामागे दगड ठेवतात; तो चाकाच्या पुढेही, आणि निमुळती कड चाकाकडे करून, लागतो.

आता स्टिअरिंग सरळ करावे, कारण वळलेली पुढची चाके चिखलात नांगरासारखी आडवी राहतात. बटण हलके दाबून फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकावी. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा निवडावा. क्लच हळू सोडत, चाक मंद फिरेल एवढाच ॲक्सिलरेटर द्यावा. चिखल झटकला जाऊन टायरच्या रेषा दिसू लागल्या की कधी कधी गाडी तेवढ्यानेच बाहेर येते. न आल्यास थोडे पुढे, थोडे मागे असे झुलवत तिची स्वतःची गती वापरावी, मात्र गिअर बदलण्यापूर्वी चाके पूर्ण थांबलेली असावीत. हे आठ-दहा झोक्यांपलीकडे रेटू नये. ड्युअल क्लच गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांत तर त्याहून कमी, कारण मंद वेगातल्या अशा मागे-पुढे करण्याने क्लच तापतो आणि स्क्रीनवर थांबण्याचा इशारा येतो.

चाक किती वेगाने फिरवायचे याला मर्यादा आहे, आणि ती बटण दाबल्यावर पाळायची जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते. स्पीडोमीटरवर ४० दिसत असतील आणि एक चाक स्थिर, दुसरे फिरत असेल, तर साध्या डिफरन्शिअलमुळे फिरणाऱ्या चाकाचा वेग त्याच्या दुप्पट असू शकतो. टायर आतून तापून फुटण्याचा धोका असल्याने ताशी ५५ किलोमीटरच्या वर काटा जाऊ देऊ नये, असे टायर बनवणारे सांगतात. माझ्या मते चिखलात २५-३० च्या पुढे जाण्याची गरजच पडत नाही. ढकलायला आलेल्या माणसांना चाकाच्या रेषेत उभे राहू देऊ नये. खाली सारलेला दगड किंवा फळी मागे उडते तेव्हा ती कुणाच्या नडगीवर बसेल ते सांगता येत नाही.

वाळू

वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल सर्वांत जास्त नडते, कारण तिथे गाडीची गती टिकवणे हेच मुख्य काम असते आणि ही यंत्रणा नेमकी तीच गती तोडते. जैसलमेरजवळ समच्या टेकड्यांवर किंवा दुबईत नोकरीला असलेली आपली मंडळी जातात त्या वाळवंटात, फोर-बाय-फोर गाडीत दोन्ही यंत्रणा वाळूत उतरण्यापूर्वीच बंद करण्याची रीत आहे. पण बटणाआधी हवा. नेहमीच्या ३२-३३ पीएसआयवरून टायरची हवा १५ ते १८ पर्यंत उतरवल्याने टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. हवा न उतरवता नुसते बटण दाबणारा लवकर रुततो, कारण आता त्याला अडवणारे कोणी नसते. हवा कमी असताना वळणे मोठी आणि सावकाश घ्यावीत, नाहीतर टायर रिमवरून निघतो. वाळूत थांबताना ब्रेक न मारता गाडीला स्वतःहून थांबू द्यावे, म्हणजे चाकांपुढे ढीग साचत नाही.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेल्यास पोलीस कारवाई करतात, आणि कोकणातही भरतीत गाड्या अडकवणाऱ्या पर्यटकांवर गुन्हे दाखल होत असतात. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूखाली असतात. तिथे कोणते बटण दाबावे हा प्रश्नच उद्भवू नये.

बर्फ

अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून पलीकडच्या सिस्सू गावापर्यंत हिवाळ्यात जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गाड्या वाढल्या आहेत. बर्फाची सवय नसलेल्या चालकाने तिथे दोन प्रकारचे बर्फ ओळखायला हवेत. ताजा, भुसभुशीत, चार-सहा इंच साचलेला बर्फ वाळूच्या जवळचा असतो. त्यातून उभी गाडी निघत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरते बंद करून, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय अगदी हलका ठेवून बाहेर पडता येते. दिवसा वितळून रात्री गोठलेला, सावलीतल्या वळणांवर काळ्या डांबरासारखाच दिसणारा पातळ थर मात्र काचेसारखा असतो. तिथे दोन्ही यंत्रणा चालू हव्यात, आणि तरीही त्या फार काही करू शकत नाहीत, कारण पकड निर्माण करण्याची शक्ती त्यांच्यात नाही. असलेली पकड वाटून देणे एवढेच त्यांचे काम आहे. उतारावर तर बटणाकडे पाहूही नये.

चाकांना साखळ्या लावल्यावर अनेक पुस्तिका ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायला सांगतात. साखळी बर्फात थोडी फिरूनच पकड घेते, आणि ते थोडे फिरणेही यंत्रणेला घसरणे वाटते. साखळ्या इंजिनाची ताकद जाते त्या चाकांनाच लावाव्यात, म्हणजे आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांना, आणि वेग ताशी ३०-४० च्या आत ठेवावा.

रुतूनही यंत्रणा चालूच ठेवायची अशी एक स्थिती

गाडी तिरकी होऊन एक चाक खड्ड्यात किंवा हवेत लोंबते आहे आणि समोरासमोरचे दुसरे चाक घट्ट जमिनीवर आहे, अशा वेळी बरेच जण सवयीने बटण दाबतात. ही चूक आहे. साधे डिफरन्शिअल असलेल्या गाडीत सगळी हालचाल हवेतल्या चाकाकडे जाते. तिथे फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद पलीकडे पाठवणारी यंत्रणाच उपयोगी पडते. मात्र तिला काम करू द्यायचे तर ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. चाक फिरू लागले, दिवा लुकलुकला, खालून कटकट आवाज आला की घाबरून पाय काढला जातो, आणि यंत्रणेला ब्रेक लावायला जो एक-दोन सेकंदांचा अवधी हवा असतो तोच मिळत नाही. पाय एका जागी स्थिर धरून ठेवावा, वाढवू नये आणि कमीही करू नये. असे वारंवार केल्यास ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःहून थोडा वेळ रजा घेते; अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे थांबणे हाच उपाय. ज्यांच्या गाडीत डिफरन्शिअल लॉक (दोन्ही बाजूंची चाके एकत्रच फिरायला लावणारी सोय) आहे त्यांनी अर्थातच आधी तो वापरावा.

जिथे कधीच बंद करू नये

पावसातला घाट हे पहिले ठिकाण. चढावरच्या वळणावर गाडी ओढत नाही, दिवा लुकलुकतो, म्हणून ताम्हिणीत किंवा आंबोलीत बटण दाबणारे आहेत. तिथे दिवा लुकलुकण्याचा अर्थ पकडीपेक्षा जास्त ताकद मागितली जात आहे असा असतो, आणि उपाय पाय हलका करणे किंवा वरचा गिअर टाकणे हा आहे. कोरड्या-ओल्या साध्या रस्त्यावर तो दिवा वारंवार दिसत असेल तर टायर तपासावेत. ट्रेडच्या खोबणीतल्या उंचवट्यांपर्यंत झीज पोहोचली असेल, म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर खोली उरली असेल, तर दोष यंत्रणेचा नाही.

द्रुतगती मार्गावर, भरलेल्या सात आसनी गाडीत, टपावर सामान असताना किंवा रात्री अनोळखी रस्त्यावर बंद करण्याचे कोणतेही कारण मला पटलेले नाही. यंत्रणेशिवाय चालवणे हीच खरी ड्रायव्हिंग, असे म्हणणारे आपल्या ओळखीतही असतात. त्यांना चेन्नईजवळच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर, हेल्मेट घालून आणि प्रशिक्षक शेजारी बसवून ती हौस भागवता येते. तिथेही सुरुवातीला पूर्ण बंद करण्यापेक्षा, गाडीत असेल तर स्पोर्ट मोडमधली सैल केलेली यंत्रणा वापरणे योग्य.

रोलरवर ब्रेक किंवा इंजिनाची चाचणी घेताना दोनच चाके फिरतात आणि यंत्रणा गोंधळते, म्हणून तिथे ती बंद करावी लागते. ते तंत्रज्ञ पाहतो. आपण फक्त गाडी परत घेताना दिवा बघावा.

बाहेर पडल्यावर

घट्ट जमिनीवर येताच, गिअर बदलण्याआधी, बटण पुन्हा दाबावे आणि ‘ऑफ’ अक्षरे गेल्याची खात्री करावी. काही गाड्या ठरावीक वेगाला यंत्रणा स्वतःहून चालू करतात, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती एरवी चालू स्थितीतच येते; पण त्यावर विसंबून हमरस्ता गाठू नये. वाळूसाठी हवा उतरवली असेल तर ती भरेपर्यंत वेग वाढवू नये. चिखलातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला मातीचे गोळे बसतात, आणि ताशी ७०-८० ला स्टिअरिंग थरथरू लागते. त्याला व्हील बॅलन्सिंग लागत नाही, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चाके आतून धुतली की थरथर जाते. चाकांजवळच्या सेन्सरभोवतीची मातीही त्याच धुण्यात निघते. धुऊन, थोडे अंतर चालवूनही स्थिर पिवळा दिवा राहिला, तर मात्र गाडी स्कॅनरला जोडून कोणत्या चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर निखळली आहे, ते सर्व्हिस सेंटरमध्ये पाहून घ्यावे. तोवर गाडी चालते, पण स्टॅबिलिटी कंट्रोल, आणि एबीएसचा दिवाही लागला असेल तर एबीएससुद्धा, नाही असे धरून चालवावी.